चाक बदलले, ओझे वाढले : इनामगावच्या गाडीपासून रांजणगावच्या मोटारीपर्यंत

#थ्रेड #इतिहास #शिरूर #दौंड

१/
शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत तयार झालेल्या फियाट पुंटो या मोटारीचे चाक चार बोल्टांनी जागेवर धरलेले असते. या चार बोल्टांच्या केंद्रांतून एक वर्तुळ काढले, तर त्याचा व्यास ९८ मिलिमीटर भरतो. मारुती स्विफ्ट किंवा होंडा सिटी यांच्या चाकात हेच वर्तुळ १०० मिलिमीटरचे आहे. फरक अवघ्या दोन मिलिमीटरचा. पण त्या फरकापायी बाजारात भिंतीवर झळकणारी कितीतरी देखणी अलॉय चाके या मोटारीला बसत नाहीत.

२/
जुन्या वाहनाला नवे चाक बसवावे ही हौस मोटारीबरोबर जन्मली असे वाटणे साहजिक आहे. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. भीमा आणि घोड या नद्यांच्या काठी चाक वारंवार बदलले आहे. भरीव चाक गेले, आऱ्यांचे आले. लाकूड उघडे होते, त्यावर लोखंड चढले. लोखंडाच्या जागी रबर आले. प्रत्येक बदलाने एक प्रश्न मागे ठेवला : चाक हलके फिरू लागल्यावर जो हलकेपणा हाती आला, तो कोणाच्या वाट्याला गेला?

३/
आरंभ इनामगावापासून करावा लागतो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या गावी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही नावे या कामाशी जोडलेली आहेत. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. घरे, धान्याच्या कणग्या, पाण्याचा पाट, दफने असा मोठा पुरावा मिळाला. त्यातच एका मृद्भांड्यावर ओरखडून काढलेली बैलगाडी आहे.

४/
ते चित्र कुशल कलावंताचे नाही. कोणा कुंभाराने किंवा घरातल्या माणसाने टोकदार वस्तूने चार रेघा ओढल्या, एवढेच. त्या रेघांचे मोल मात्र मोठे आहे. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी आजच्या शिरूर तालुक्यात राहणाऱ्या माणसाला बैल जुंपलेली गाडी इतकी परिचित होती की ती त्याच्या हातून सहज उमटली. या परिसराच्या वाहनांचा इतिहास लिहायचा झाला, तर त्याचे पहिले पान हेच.

५/
इनामगावच्या उत्तरेस, प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तेथे १९७४ साली चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्यांपैकी एक म्हणजे बैलजोडी जुंपलेला आणि उभा सारथी असलेला छोटा रथ. त्याची चाके भरीव आहेत, त्यांना आरे नाहीत. या वस्तूंच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही चाकाचे एक आदिरूप त्यात स्पष्ट दिसते : लाकडाची जाड तबकडी आणि तिच्या मध्यभागी आसासाठी छिद्र. घडवायला सोपी, ओढायला जड.

६/
नवल असे की हे जड चाक दख्खनमध्ये फार उशिरापर्यंत टिकून राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या भागातील बहुतांश व्यापार गाड्यांवर चालत नव्हता. वंजारी आणि लमाण यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी लादून धान्य व मीठ वाहत. गाडे होते, पण ते ठेंगणे, अवजड, भरीव चाकांचे आणि अनेक बैलजोड्यांनी ओढायचे. दगड किंवा मोठे लाकूड हलवायला ते ठीक. लांबच्या प्रवासाला निरुपयोगी. रस्तेही तसेच होते.

७/
१८३० साली, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या मागून मुंबईचा गव्हर्नर झालेल्या जॉन माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटाचा रस्ता चाकांच्या वाहनांसाठी खुला झाला. त्याच दशकात दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमीनपाहणी सुरू झाली. या पाहणीतील लेफ्टनंट गेसफर्ड याने सुधारित गाडीचा आराखडा तयार केला आणि सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णीला गाड्यांचा कारखाना निघाला. आऱ्यांच्या चाकांची, बैलांच्या एका जोडीने ओढता येईल अशी ही गाडी हळूहळू आसपासच्या मुलखात पसरली.

८/
आज आपण जिला ‘पारंपरिक बैलगाडी’ म्हणतो, तिच्या या भागातील प्रसाराला अशी पाहणी-खात्याची पार्श्वभूमी आहे. आऱ्यांचे चाक भारतात प्राचीन काळापासून माहीत होते. भीमथडीच्या शेतकऱ्याच्या दारात ते रुळले मात्र रस्ता, जमीनमोजणी आणि बाजार यांच्या मागोमाग. (आजचा दौंड तालुका तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे.) परंपरा म्हणून जे मिरवले जाते, तेही कधीतरी नवे चाक होते.

९/
या चाकाची रचना पाहण्यासारखी आहे. मध्यभागी तुंबा. त्यात ठोकून बसवलेले आरे. आऱ्यांच्या टोकांना वक्र लाकडी तुकडे जोडून तयार केलेला घेर. लाकूड बहुधा बाभळीचे. तुंब्यातून लोखंडी आस जाई आणि चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ असे. दशरथाच्या रथाचा आस निकामी झाला तेव्हा कैकेयीने तेथे आपला हात घातला, ही कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. चाकाचा जीव त्याच्या मध्यात असतो, हे सांगणारी याहून बोलकी कथा नाही.

१०/
घेरावर चढवलेल्या लोखंडी कड्याला ‘धाव’ म्हणतात. लोहार हे कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवी. मग गोवऱ्यांच्या गोल आगीत ते लालबुंद तापवी. तापल्यावर लोखंड प्रसरण पावे. तीन-चार माणसे सांडशींनी ते उचलून चाकावर बसवीत आणि लगेच वरून पाणी ओतीत. वाफेचा लोट उठे, कडे आक्रसे आणि आरे, घेर, तुंबा या साऱ्यांना एकमेकांत घट्ट आवळून टाकी. एक खिळाही न ठोकता अख्खे चाक एकजीव होई.

११/
उन्हाळ्यात लाकूड सुकून आखडले की धाव ढिली पडे. मग चाके काढून नदीच्या पाण्यात भिजत घालत. वंगणाचे काम तर रोजचेच. वंगण ठेवण्याचा बांबूचा नळा गाडीलाच बांधलेला असे आणि गाडी जाईल तेथे तोही जाई. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण त्यावरूनच आली. लोक ती फुकट फिरणाऱ्याला उद्देशून वापरतात. पण नळा फुकट फिरत नव्हता. तो नसता तर यात्राच झाली नसती.

१२/
चाक कोणाचे, हा प्रश्न या काळात सोपा होता. गाडी शेतकऱ्याची. डागडुजी गावच्या सुताराची आणि लोहाराची. त्यांचे नाते बलुत्याच्या व्यवस्थेत बांधलेले. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ग्रामव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याला ‘गांव-गाडा’ हेच नाव दिले. ही व्यवस्था न्यायाची होती असे नव्हे. तिच्यातील जातींची उतरंड कठोर होती. पण चाक मोडले तर ते दुरुस्त करणारा हात गावातच होता, एवढे खरे.

१३/
१८५८ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे पुण्याला पोचली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दौंडवरून पुढे डिकसळपर्यंत गेली. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन बनले. पुणे-नगर रस्त्यावरचे शिरूर म्हणजे घोडनदी हे जुने लष्करी ठाणे आणि गाडीवाटेवरचा मुक्काम. नगरकडचा माल आता रुळांवरून जाऊ लागला. लांब पल्ल्याची गाडी स्टेशनापुरती आखूड झाली.

१४/
गंमत अशी की दौंडवरून धावणाऱ्या वाफेच्या इंजिनाच्या चाकातही लोहाराचीच युक्ती होती. त्या चाकाचा मधला भाग निराळा आणि बाहेरचे पोलादी कडे निराळे. हे कडे तापवून मधल्या भागावर चढवीत आणि थंड होऊ देत. घासून झिजले की कडे उतरवून नवे बसवीत. मधला भाग तोच राही. इंग्रजीत त्या कड्याला ‘टायर’ म्हणत. रबराचा संबंध येण्याच्या आधीपासून हा शब्द चाकावरच्या लोखंडासाठी वापरात होता. धाव आणि टायर ही एकाच वस्तूची दोन नावे.

१५/
आता ओझ्याचा पहिला हिशेब. तांड्यातील बैल पाठीवर साधारण शंभर-सव्वाशे किलो वाही. आऱ्यांच्या गाडीला जुंपलेली जोडी त्याच्या कितीतरी पट माल ओढू लागली. चाकाने श्रम वाचवले, यात शंका नाही. पण वाचलेले श्रम बैलाला विसावा म्हणून मिळाले नाहीत. ते जादा मालाच्या रूपाने बाजारात गेले. पाठीवरचे ओझे मानेवर आले आणि वाढले. पुढच्या दीडशे वर्षांत हाच हिशेब पुन्हा पुन्हा मांडला जाणार होता.

१६/
१८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले. १९३६ साली त्याच्या नावाच्या कंपनीचा कारखाना बंगालमधील साहागंज येथे उभा राहिला. भारतीय टायर-कंपन्यांनी मोटारींबरोबर जनावरांच्या गाड्यांसाठीही खास टायर काढले. त्यांची रिम १९ इंचांची. आज हौशी मंडळी मोटारीला १६ इंचांऐवजी १७ इंचांचे चाक लावून मिरवतात. उसाच्या बैलगाडीला १९ इंचांची रिम केव्हाच बसली होती.

१७/
रबरी चाकाला या भागात उसाने आणले. दौंडला कालव्यांचे आणि भीमेचे पाणी, शिरूरला घोडचे. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना काढला आणि वालचंदनगर वसले. पुढे सहकाराच्या काळात पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा हे कारखाने झाले. दसरा-दिवाळीनंतर बीड, नगर, जालना या भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येऊ लागल्या. त्यांच्यासोबत बैल आले आणि कारखान्याच्या रस्त्यावर टायरगाड्यांची रांग लागली.

१८/
टायरगाडी म्हणजे बैलगाडीच्या देहाला मोटारीचे पाय. लाकडी तुंब्याच्या जागी बेअरिंगचा हब, आऱ्यांच्या जागी पोलादी डिस्क, धावेच्या जागी रबर. डांबरी रस्त्यावर ती लाकडी चाकापेक्षा खूपच हलकी चालते. पण मालकी येथे बदलली. राज्यातील अनेक कारखान्यांत बैल कामगाराचे आणि गाडी कारखान्याची किंवा मुकादमाची असते. कामगार तिचे भाडे भरतो. हंगामापूर्वी घेतलेली उचल फेडायची असते, म्हणून प्रत्येक खेप भरगच्च असावी लागते. दोन टनांहून अधिक ऊस लादलेल्या गाड्या रस्त्यावर सर्रास दिसतात.

१९/
हलक्या चाकाचा लाभ ओझ्याकडेच जाणार, हे कायद्यानेही गृहीत धरले. ओझ्याच्या जनावरांविषयीचे केंद्रीय नियम १९६५ साली झाले. त्यांत मोठ्या बैलासाठी दोनचाकी गाडीची कमाल वजने अशी आहेत :
हवेचे टायर नसल्यास ९०० किलो.
हवेचे टायर असल्यास १,३५० किलो.
बॉल बेअरिंग असल्यास १,८०० किलो.
बैल तोच. त्याची मान, त्याचे खूर, त्याचे वयही तेच. बदलले फक्त चाक, आणि कागदावर ओझे दुप्पट झाले.

२०/
या नियमांमागील हेतू क्रौर्य रोखण्याचा होता आणि त्यामागील यांत्रिक तर्कही चुकीचा नाही. सपाट रस्त्यावर बेअरिंगची गाडी ओढायला कमी जोर लागतो. पण दोनचाकी गाडीच्या भाराचा काही हिस्सा जुवावाटे थेट मानेवर येतो. उतारावर तर गाडीला ब्रेक नसल्याने सारा लोंढा बैलालाच थोपवावा लागतो. चाक घर्षण कमी करते, वजन नव्हे. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७०च्या दशकापासून बैलगाडीच्या सुधारणेचा आग्रह धरला. चाकाइतकाच जुवाचा आणि ब्रेकचाही विचार झाला पाहिजे, हे त्यांच्या मांडणीचे मर्म होते.

२१/
याच मातीत एक गाडा मात्र असा आहे, जो काहीच वाहत नाही. शिरूर, आंबेगाव, खेड, जुन्नर या पट्ट्यातील यात्रांत घाटावर धावणारा शर्यतीचा गाडा. चार बैल, गाडीवान नाही, आणि सेकंदांत मोजलेली बारी. त्याची रचना शक्य तितकी हलकी. माल, माणूस, फळ्या, सारे वगळून उरलेली जणू दोन चाके आणि आस. ‘स्पोर्ट्स कार’ या कल्पनेचे मराठी ग्रामीण रूप शोधायचे, तर ते येथे सापडते. उपयोग बाजूला ठेवून केवळ वेगासाठी घडवलेले वाहन.

२२/
या गाड्यानेही न्यायालय पाहिले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, पण शर्यती सुरू झाल्या नाहीत. उच्च न्यायालयाची स्थगिती आड आली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. वाद बैलाच्या वेदनेचा होता. तो रास्त होता. मात्र घाटावरच्या रिकाम्या गाड्यावर जेवढी चर्चा झाली, तेवढी कारखान्याच्या रस्त्यावरच्या भरलेल्या गाडीवर झाली नाही.

२३/
बैलगाडीवरून मोटारीकडे जाणारा धागाही उसातूनच जातो. वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. मुंबईतील कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून फियाटच्या परवान्याने मोटारी बाहेर पडल्या. पुढे ‘पद्मिनी’ म्हणून मुंबईच्या टॅक्सीला ओळख मिळाली ती याच मोटारीमुळे. नंतर फियाट स्वतः भारतात उतरली आणि तिचा कारखाना महागणपतीच्या रांजणगावी आला. २००७ साली तेथे टाटा मोटर्सबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीचा करार झाला.

२४/
ऑक्टोबर २०१५ मध्ये याच कारखान्यातून घडलेली ‘अबार्थ पुंटो’ बाजारात आली. १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, १६ इंचांची अलॉय चाके. त्या चाकांच्या मध्यावर विंचू. कार्लो अबार्थ याचा जन्म १५ नोव्हेंबर १९०८ चा, म्हणजे वृश्चिक राशीचा. १९४९ साली काढलेल्या आपल्या कंपनीला त्याने तेच चिन्ह दिले. इनामगावच्या तालुक्यातून निघालेल्या चाकावर आता तुरिनचा विंचू बसला होता.

२५/
२०१९ च्या सुमारास पुंटोची विक्री थांबली. मोटारी रस्त्यावर राहिल्या. मूळ चाक खड्ड्यात वाकले किंवा मालकाला नवे रूप हवे झाले, की बाहेरचे चाक शोधणे आले. तेथेच ९८ आणि १०० चा प्रश्न उभा राहतो. व्यासात दोन मिलिमीटर म्हणजे प्रत्येक बोल्टाला एका मिलिमीटरची ओढ. ‘आवळले की बसते’ असे म्हणणारा भेटतो. बोल्ट आत जातातही. पण त्यांची शंकूच्या आकाराची बैठक पूर्ण टेकत नाही. चाक मध्यावर येत नाही, वेग वाढला की थरथरते आणि बोल्ट ढिले पडण्याचा धोका राहतो.

२६/
दुसरे माप चाकाच्या मधल्या छिद्राचे. फियाटच्या हबचा मधला उंचवटा ५८.१ मिलिमीटरचा. छिद्र त्याहून लहान असेल तर चाक चढतच नाही. मोठे असेल तर मधली पोकळी भरायला कडे घालावे लागते. त्याला ‘हब रिंग’ म्हणतात. तिसरे माप ऑफसेटचे : चाकाची बैठक त्याच्या मध्यरेषेपासून किती आत वा बाहेर आहे. ते चुकले तर टायर मडगार्डला घासतो किंवा बेअरिंगवर आडवा ताण येतो. चांगला कारागीर बोल्ट आधी हातानेच फिरवतो, मग समोरासमोरच्या जोड्यांनी आणि ठरलेल्या जोराने आवळतो. धाव बसवणाऱ्या लोहाराच्या शास्त्राचाच हा वारस.

२७/
शेवटी मध्यावर झाकण बसते. आज त्याला सेंटर कॅप म्हणतात. पद्मिनीच्या काळी संपूर्ण डिस्क झाकणाऱ्या चकचकीत वाटीला ‘व्हील कप’ म्हणत. झाकणाचे काम साधे : हबच्या टोकाशी धूळ-पाणी जाऊ न देणे. नळ्यातल्या वंगणाची राखण पूर्वी गाडीवान करी, आता हे झाकण करते. पण त्यावर निर्मात्याची मुद्रा असते, म्हणून त्याला वेगळेच मोल चढते. बाहेरच्या चाकावर कंपनीचे झाकण बहुधा बसत नाही. छिद्राचे माप निराळे असते. मग कोणी मिळतेजुळते झाकण आणतो, कोणी विंचवाचा स्टिकर चिकटवतो.

२८/
कायदाही येथे आडवा येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकात आलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे लागू होते, असे स्पष्ट केले. दोन कायदे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. बैलगाडीचे चाक बदलले तर कायदा अधिक ओझ्याची मुभा देतो. मोटारीचे चाक बदलताना तो निर्मात्याचे माप विचारतो. यंत्राच्या आसाची क्षमता लिहून ठेवलेली आहे. बैलाच्या मानेची क्षमता मात्र चाकाकडे पाहून ठरवली जाते.

२९/
१९२४ साली बुगाटीच्या ‘टाइप ३५’ या शर्यतीच्या मोटारीला ओतीव ॲल्युमिनियमची चाके बसली, तेव्हा हेतू हलकेपणाचा होता. हलके चाक रस्त्याच्या चढउतारांना चटकन प्रतिसाद देते. शंभर वर्षांनी हौसेच्या बाजारात उलटे घडते. मोठ्या व्यासाचे, रुंद, प्रसंगी मूळ चाकाहून जड अलॉय दिसायला भारदस्त म्हणून घेतले जाते. इंधन जास्त जळते, स्टिअरिंग जड होते. येथेही हलकेपणा आला तसाच खर्च झाला. या वेळी दिसण्यापायी.

३०/
‘चाकोरी’ हा शब्द चाकानेच दिला. गाड्या वर्षानुवर्षे एकाच वाटेने गेल्या की जमिनीत खोल चाळा पडे आणि पुढची गाडी आपोआप त्यातून जाई. शिरूर-दौंडच्या चाकांचा इतिहासही अशाच एका चाकोरीतून गेला आहे. पाठीवरून गाडीवर, लाकडावरून लोखंडावर, लोखंडावरून रबरावर. प्रत्येक वेळी कारागिरी खरी होती, सुधारणा खरी होती, आणि वाचलेला जोर प्रत्येक वेळी अधिक मालात, अधिक खेपांत किंवा अधिक दिमाखात जिरला.

३१/
हिवाळ्यात पुणे-सोलापूर रस्त्यावर पाटसच्या आसपास पहाटे ही तीन हजार वर्षे एकत्र दिसतात. उसाने लादलेली टायरगाडी डाव्या कडेने चाललेली. तिच्यामागे दिव्यांची उघडझाप करत वाट मागणारी एखादी मोटार. मोटारीच्या मालकाला आपल्या चाकाची चारही मापे पाठ असतात. गाडीवानाला आपल्या चाकाचे भाडे पाठ असते. मोटार पुढे निघून जाते. चढ लागतो तेव्हा गाडीवान खाली उतरतो आणि आपलाही खांदा गाडीला लावतो. १९ इंचांचे चाक हळूच पुढे सरकते.

(समाप्त)